पेपरच्या रात्रगाडीचं काम घेण्याआधी

तुम्ही लिहिलं आहे की दिवसा पार्सलची गाडी चालवायचा अनुभव आहे आणि आता छापखान्यातून रात्री वर्तमानपत्रं पोचवायचं काम समोर आलं आहे. १८ ठिकाणं, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, आठवड्याला सहा रात्री. रात्रीचे रस्ते रिकामे असतात आणि दिवस मोकळा मिळतो, म्हणून घ्यावंसं वाटतंय. मी हे काम १४ वर्षं केलं आणि पुढे काही वर्षं अशाच गाड्यांचे मार्ग आखून दिले. माझं मत विचाराल तर जरूर घ्या. फक्त ज्या दोन कारणांनी तुम्हाला ते आवडलंय, ती दोन्ही अर्धीच खरी आहेत. रस्ता रिकामा असतो, पण त्यावर वेळ वाचत नाही. आणि दिवस मोकळा नसतो; तो झोपेचा असतो.

आधी छापखान्यातली रात्र समजून घ्या. लांबच्या मार्गाची आवृत्ती आधी छापतात, शहराची शेवटी. तुमचा मार्ग लांबचा दिसतोय, म्हणजे निघायची वेळ लवकरची आणि हातातली सवड सगळ्यांत कमी. वेळापत्रकात साडेबारा लिहिलेलं असेल. प्रत्यक्षात कधी सव्वाबाराला गठ्ठे बाहेर येतील, कधी दीड वाजेल. मोठ्या बातमीसाठी पहिलं पान अडवून धरतात. एखादी प्लेट, म्हणजे पान छापायचा धातूचा पत्रा, पुन्हा करावी लागते. चालत्या मशीनलाच कागदाचा नवा रोल जोडतात, तो जोड नीट बसला नाही की कागद तुटतो. मग मशीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कागद पुन्हा ओवायचा. मशीन परत सुरू झाल्यावरही रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत आणि शाई-पाण्याचा मेळ जमेपर्यंत सुरुवातीच्या प्रती रद्दीत जातात. हे सगळं तुमच्या हातात नाही. माल भरायच्या फलाटावर उभं राहून घड्याळाकडे पाहत बसलात तर जीव नुसता पोखरला जातो.

नव्या ड्रायव्हरची पहिली मोठी चूक इथेच होते. छापखान्यात गेलेला वेळ तो रस्त्यावर भरून काढायला बघतो. साधा हिशोब करा. ६० किलोमीटरचा सरळ रस्ता ताशी ८० ने कापायला ४५ मिनिटं लागतात, ९० ने कापला तर ४०. एवढा धोका पत्करून हाती आली फक्त पाच मिनिटं. उलट १८ ठिकाणी प्रत्येकी एक मिनिट कमी थांबलात तर १८ मिनिटं वाचतात, तीही गाडी उभी असताना. या कामात वेळ वाचतो तो मागच्या दारात. चाकांवर नाही.

मागच्या दारात म्हणजे भरण्याच्या क्रमात. शेवटचं ठिकाण सगळ्यांत आत, पहिलं दाराशी. ऐकायला सोपं वाटतं. पण गठ्ठे बाहेर येताना तुमच्या क्रमाने येतीलच असं नाही. काही ठिकाणची पुरवणी वेगळी, काहींचे गठ्ठे पूर्ण आणि वर सुट्या प्रतींचा एक छोटा. प्रत्येक गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचा, ठिकाण आणि संख्या तुमच्या यादीशी ताडा, मगच आत ठेवा. फलाटावरचे लोक घाई करतील. त्यांना नम्रपणे सांगा, पण मोजणी सोडू नका.

माझ्या दुसऱ्या वर्षातली एक रात्र सांगतो. कागद दोनदा तुटला आणि ५० मिनिटं गेली. गठ्ठे हाती आले तसे मी गाडीत लोटले, एकही चिठ्ठी वाचली नाही. पहिल्याच ठिकाणी कळलं की तिथले गठ्ठे पार आत, केबिनच्या भिंतीला टेकलेत. पाऊस चालू होता. वीस-बावीस गठ्ठे खाली उतरवून परत चढवले, त्यातले तळाचे चार भिजले. भिजलेला पेपर वाळवून विकता येत नाही; पानं चिकटतात, उलगडताना फाटतात. सहाव्या ठिकाणी लक्षात आलं की पाचव्याचा एक गठ्ठा गाडीतच राहिलाय, म्हणून मागे वळलो. ५० मिनिटांचा उशीर शेवटच्या ठिकाणी दीड तास झाला होता. तिथे एक वयस्कर विक्रेते कोपऱ्यावर उभे असायचे. सकाळी पेपर टाकून ते दुसऱ्या कामावर जात. त्या दिवशी त्यांना निम्म्या घरांना पेपर न टाकताच कामावर पळावं लागलं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. आपल्या गाडीमागे अशी किती माणसं पहाटे उभी असतात हे तेव्हा कळलं. तेव्हापासून उशीर कितीही असो, चिठ्ठी वाचल्याशिवाय एकही गठ्ठा आत घेतला नाही.

वजनाबद्दल थोडं, कारण पार्सलवाल्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो. पार्सलची गाडी जागेने भरते, पेपरची वजनाने. वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ ग्रॅम प्रति चौरस मीटर असतो. मोठ्या आकाराचा २० पानी अंक म्हणजे पाच मोठे ताव, वजन ८५-९० ग्रॅमच्या आसपास. पाच हजार अंक घेतले की सव्वाचारशे ते साडेचारशे किलो झाले. जाहिरातींच्या दिवशी पानं ३२ झाली की तेच पाच हजार अंक ७०० किलोच्या घरात जातात, आणि गाडी तरी अर्धी रिकामीच दिसते. 'जागा आहे, घे अजून दोन ठिकाणचे' असं कोणी म्हणालं तर जागा पाहू नका, गाडीची वजनमर्यादा पाहा. टायरमधली हवा भरलेल्या वजनाला धरून ठेवा. आणखी एक गोष्ट: प्रत्येक थांब्यावर गाडी हलकी होत जाते आणि दाराजवळचा माल आधी जातो, त्यामुळे उरलेलं वजन पुढे राहतं. मध्येच मोकळी जागा झाली की गुळगुळीत पुरवण्यांचे गठ्ठे ब्रेकसरशी सरकतात. दोन-तीन थांब्यांनंतर अर्धा मिनिट देऊन थर खाली आणा आणि पट्टा आवळा.

गठ्ठा प्लॅस्टिकच्या पट्टीला धरून उचलू नका. बोटं कापतात आणि पट्टी सुटली तर सगळा गठ्ठा विस्कटतो. दोन्ही हात खालून, गुडघ्यांत वाकून. एका रात्रीत दोनशे वेळा कमरेतून वाकलात तर महिन्याभरात पाठ बोलायला लागते. हातमोजे घ्या, वर्तमानपत्राची शाई उष्णतेने वाळवत नाहीत, ती कागदात मुरते, त्यामुळे ताज्या अंकाची शाई हाताला लागते आणि तोच हात तुम्ही स्टिअरिंगला आणि डोळ्यांना लावता.

आता झोप. तुमच्या प्रश्नात ती कुठेच नव्हती, म्हणून माझं सगळ्यांत कळकळीचं सांगणं हेच.

माणसाच्या शरीराचं घड्याळ रात्री दोन ते सहाच्या दरम्यान सगळ्यांत खाली असतं. रात्रपाळीची कितीही वर्षं झाली तरी बहुतेकांचं ते पूर्णपणे उलटत नाही. १९९७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचालींतली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी खालावते. सकाळी आठला उठून दिवसभर घरची कामं उरकून रात्री अकराला कामावर आलात, तर एक वाजता, म्हणजे गाडी नुकती सुटली असताना, तुमचे १७ तास भरलेले असतात. पुढचा सगळा मार्ग तुम्ही त्या अवस्थेत चालवता.

आणि धोका जाताना कमी असतो. जाताना दर दहा मिनिटांनी उतरायचं, उचलायचं, सही घ्यायची. शरीर हलत राहतं. खरी झोप येते ती परतीला. गाडी रिकामी, काम संपलेलं, मनावरचा ताण उतरलेला, केबिन उबदार, पहाटेचे साडेचार-पाच. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर जवळपास ९० मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. माझ्या ओळखीतल्या ज्यांचे अपघात झाले, त्यांतले बहुतेक परतीचे. मी स्वतः एकदा रस्त्याच्या कडेच्या खडीचा आवाज ऐकून जागा झालो. मधले शंभर-दीडशे मीटर मला आजही आठवत नाहीत. त्या सकाळी घरी जाऊन बराच वेळ मुलांच्या शेजारी बसून होतो.

त्यानंतर एक नियम केला: शेवटचा गठ्ठा उतरवला की सुरक्षित जागी गाडी लावून, दारं आतून बंद करून २० मिनिटं झोपायचं, झोप आली असो वा नसो. झोपण्याआधी लगेच चहा-कॉफी घेतली तर तिचा परिणाम अर्ध्या तासाने सुरू होतो, म्हणजे उठताना कामी येते. पण ती तेवढीच घ्या. तिचा अंमल कित्येक तास राहतो आणि घरी गेल्यावरची झोप तुटते. उठल्याबरोबर लगेच गाडी सुरू करू नका, पाच-दहा मिनिटं बाहेर चाला. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांवर मी विसंबलो होतो, त्याने काही मिनिटांपलीकडे भागत नाही. गाडी घरी लवकर परत न्यायची सक्ती तुमच्यावर कोणाची नसेल, तर ही २० मिनिटं तुमच्या हक्काची आहेत.

दिवसाच्या झोपेचं घरात आधी बोलून ठरवा. खोली काळोखी हवी, फोन बंद हवा, आणि 'घरीच आहे ना' म्हणून कामं मागे लागू नयेत. मला एका दमात सहा-सात तास कधी जमले नाहीत. सकाळी साडेचार-पाच तास आणि कामावर निघण्याआधी संध्याकाळी दीड तास, असं बसवलं तेव्हा अंग सावरलं. सुटीच्या रात्री सगळे झोपतात तसं झोपावंसं वाटतं, पण मग पुढचे दोन दिवस जड जातात.

कराराचं पटकन सांगतो. छपाई उशिरा सुटली तर उशिराचा दंड कोणावर, हे लेखी घ्या आणि फलाट सोडल्याची वेळ रोज नोंदवून घ्या. प्रती कमी भरल्या तर मोजणी कोणाची धरायची तेही. गाडी तुमची असेल तर विम्यात भाड्याने मालवाहतूक बसते का ते तपासा, बऱ्याच साध्या पॉलिसींत बसत नाही. सहावी रात्र शक्य असेल तर नाकारा.

छापील पेपरचा खप अनेक देशांत कमी होतोय, छापखाने बंद होऊन एकत्र येताहेत आणि त्यामुळे उरलेले मार्ग लांबताहेत. तुमचे दीडशे किलोमीटर वर्षभरात दोनशे झाले तर पैसे आणि वेळ दोन्ही नव्याने ठरतील का, हे आत्ताच विचारा.

होकार देण्याआधी एक रात्र सध्याच्या ड्रायव्हरबरोबर मदतनीस म्हणून जा. भरण्यापासून शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने करा, आणि तिथून दुसऱ्या गाडीने परतू नका. परतीचा रस्ताही त्याच केबिनमध्ये बसून काढा. घरी पोचल्यावर झोपून पाहा. किती तास लागली ते मला कळवा, मग पुढचं बोलू.