चिप खरी आहे, पण आतला माल?

एनएफसी टॅग म्हणजे फोन टेकवला की वाचली जाणारी, मालाला लावायची छोटी चिप. तिच्याबद्दल विक्रेते, उत्पादक आणि ग्राहकांकडून आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे. हातमागाच्या प्रत्येक साडीला क्यूआर कोडचं लेबल लावतो. यंत्रमागाच्या साड्यांवर तसंच लेबल छापून कुणी विकलं, तर ग्राहकाला कसं कळणार?

क्यूआरवरून कळणार नाही. क्यूआर म्हणजे छापलेलं अक्षर. त्याचा फोटो काढून हजार प्रती काढल्या, तरी प्रत्येक प्रत तुमच्याच पानावर नेते आणि प्रत्येक प्रत ‘अस्सल’ ठरते.

तुम्हाला अशी एनएफसी चिप हवी, जी दर वेळी वेगळा पुरावा देते. एनएक्सपी कंपनीची एनटॅग ४२४ डीएनए ही या कामासाठी सर्रास वापरली जाणारी चिप. तिच्यात १२८ बिटांच्या गुप्त किल्ल्या (एईएस या सांकेतिकरणाच्या पद्धतीच्या) असतात आणि त्या बाहेर वाचता येत नाहीत. ग्राहकाने फोन टेकवला की चिप आपला ७ बाइटांचा क्रमांक आणि आतापर्यंतच्या वाचनांचा आकडा एकत्र करून सांकेतिक रूपात दुव्यात (वेबपानाच्या लिंकमध्ये) घालते आणि शेवटी सही जोडते. दुव्यात ३२ अक्षरांचा एक तुकडा आणि १६ अक्षरांची सही दिसते. पुन्हा टेकवा, दोन्ही बदललेले असतात. तुमचा सर्व्हर तुकडा उलगडतो, त्या चिपच्या किल्लीने सही पुन्हा काढतो, जुळवतो आणि वाचनाचा आकडा मागच्यापेक्षा मोठा आहे ना, हे बघतो.

टॅग साडी नेसताना आत खोचल्या जाणाऱ्या टोकाला, कापडी पट्टीत शिवून बसवा. काठाच्या किंवा पदराच्या जरीवर नको. जरीत धातू असतो आणि घडीत तिचे थर एकावर एक आले की वाचन अडखळतं. दोऱ्याने लटकवलेल्या टॅगवर पैसे घालवू नका. तो कापून दुसऱ्या साडीला बांधायला एक मिनिटही लागत नाही, आणि मग तुमची खरी चिप खोट्या साडीची साक्ष देते. म्हणूनच तपासणीच्या पानावर त्या विशिष्ट साडीचा फोटो हवा: काठ, पदरावरचे मोर, रंग आणि मागची बाजू. हातमागाची पैठणी मागूनही पुढच्यासारखीच सफाईदार दिसते. ग्राहकाने हातातली साडी उलटून फोटोशी ताडून पाहिली, तर टॅगची अदलाबदल तिथेच उघडी पडते.

प्रश्न : पुरवठादार एनटॅग २१३ देतो आहे. म्हणतो, ‘प्रत्येक चिपचा क्रमांक जगात एकच, शिवाय कंपनीची डिजिटल सही आहे, कॉपी होणारच नाही.’ किंमतही बरीच कमी आहे.

क्रमांक एकमेव असतो, हे खरं. पण तो उघड वाचता येतो, आणि हवा तो क्रमांक भरता येणाऱ्या चिपा बाजारात मिळतात. ती सही ३२ बाइटांची आणि कायम तीच असते. चिप त्या कंपनीने बनवली, एवढंच ती सांगते. क्रमांकासोबत तीही उचलता येते. पासवर्डचं संरक्षण ३२ बिटांचं आहे आणि तो पासवर्ड हवेतून उघडाच जातो. ही चिप दुव्यात क्रमांक आणि वाचनाचा आकडा आपोआप घालू शकते, त्यामुळे दुवा ‘बदलता’ दिसतो. मात्र त्यावर सही नसते, म्हणून तो कुणीही हाताने टाइप करू शकतो. माहितीपत्रक उघडण्यासाठी ही चिप उत्तम आहे. अस्सलपणासाठी घेऊ नका.

पुरवठादाराला एकच प्रश्न विचारा: ‘चिपमध्ये गुप्त किल्ली आहे का, आणि ती किल्ली बाहेर न काढता चिप दर वाचनाला नवी सही करते का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर बोलणं तिथेच थांबवा.

प्रश्न : ४२४ डीएनए घेतली, सर्व्हरही उभा केला. पण खऱ्या मालावरही अधूनमधून ‘बनावट’ असा लाल शेरा येतो. ग्राहक चिडतात.

बहुधा आकड्याच्या तपासणीत गफलत आहे. ग्राहकाने पान रिफ्रेश केलं किंवा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तो दुसऱ्याने उघडला, की तोच जुना आकडा पुन्हा सर्व्हरकडे येतो. सही बरोबर असते, आकडा जुना असतो. त्याला ‘बनावट’ म्हणू नका. ‘हा दुवा आधी वापरला गेला आहे, फोन पुन्हा टॅगला टेकवा’ असं सांगा. लाल शेरा फक्त सही न जुळल्यावर.

सही सगळ्याच टॅगवर चुकत असेल, तर बाइटांचा क्रम तपासा. वाचनाचा आकडा दुव्यात उघडा ठेवला असेल, तर तो मोठ्या बाइटपासून लिहिला जातो. सहीच्या हिशेबात मात्र लहान बाइट आधी लागतो. दुसरी नेहमीची चूक सही कापण्यातली. हिशेबातून निघालेल्या १६ बाइटांपैकी पहिले ८ घ्यायचे नसतात. दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक घ्यायचे असतात.

आता उलट बाजू. एखाद्याने खरा टॅग पन्नास वेळा वाचला, पन्नास दुवे जमवले आणि स्वस्त टॅगांवर एकेक लिहिला, तर त्यातला प्रत्येक दुवा एकदा हिरवा ठरू शकतो. फक्त क्रमाने वापरला गेला पाहिजे. त्यामुळे आकडा वाढला, एवढ्यावर समाधान मानू नका. एकाच चिपचं वाचन सकाळी नागपूरला आणि दुपारी पणजीला झालं, किंवा आकड्याने एकदम मोठी उडी घेतली, तर माणसाने लक्ष घालावं. महागड्या वस्तूसाठी स्वतःचं ॲप ठेवा. ॲपमधून सर्व्हर त्याच क्षणी चिपला प्रश्न घालतो आणि चिप उत्तर देते. जमवून ठेवलेले दुवे तिथे निरुपयोगी.

प्रश्न : किल्ल्या आणि प्रोग्रॅमिंग छापखान्याकडे सोपवलं तर चालेल का?

प्रोग्रॅमिंग सोपवा, मास्टर किल्ली (जिच्यावरून चिपांच्या किल्ल्या काढतात ती) नको. चिप कारखान्यातून येते तेव्हा तिच्या पाचही किल्ल्या शून्य असतात आणि दुव्याच्या फाइलवर लिहिण्याची मुभा सगळ्यांना असते. ही मुभा बंद करायला विसरलात, तर दुकानात उभा असलेला कुणीही तुमच्या खऱ्या टॅगवर स्वतःच्या साइटचा दुवा लिहून जाईल. क्रम असा ठेवा: आधी दुवा लिहा, मग फाइलची सेटिंग, मग बाकीच्या किल्ल्या, आणि शून्य क्रमांकाची किल्ली सगळ्यात शेवटी, ती बदलली की चिपशी चालू असलेलं सत्र तुटतं.

सहीची किल्ली प्रत्येक चिपला वेगळी द्या. ती मास्टर किल्ली आणि चिपचा क्रमांक यांवरून काढतात, म्हणजे एक चिप फुटली तरी बाकीच्या सुरक्षित राहतात. मोबाइल ॲपमध्ये किल्ली कधीही ठेवू नका.

छापखान्यातल्या खराब रोलचाही हिशेब मागा. दहा हजार चिपा प्रोग्रॅम झाल्या, नऊ हजार आठशे मालावर लागल्या, तर उरलेल्या दोनशे कुठे आहेत? त्या पूर्ण अस्सल आहेत आणि कुठल्याही मालाला चिकटतील. म्हणून प्रत्येक टॅग सर्व्हरवर ‘निष्क्रिय’ ठेवा आणि पॅकिंगच्या टेबलावर वस्तूला लागल्यावरच सुरू करा.

प्रश्न : गोव्यात आम्ही काजूची फेणी बाटलीत भरतो. रिकामी बाटली पुन्हा भरून विकली जाण्याची भीती आहे.

एनटॅग ४२४ डीएनएचाच टॅग टॅम्पर (छेडछाड ओळखणारा) प्रकार घ्या. त्यात एक बारीक तारेचं वेटोळं असतं. चिप आणि अँटेना काचेच्या मानेवर ठेवा, फक्त वेटोळ्याची शेपटी झाकण आणि मान यांच्या सांध्यावरून न्या. ॲल्युमिनियमच्या झाकणावर अँटेना आली तर वाचन होणार नाही. झाकण फिरवलं की शेपटी तुटते आणि दुव्यात बंदऐवजी उघड्याची खूण येते. एकदा नोंदलेलं ‘उघडं’ चिप विसरत नाही.

एक मर्यादा मात्र ओळखून ठेवा. चिपला बॅटरी नसते, तिला वीज फोनकडूनच मिळते. तार तुटली आणि कुणी वाचन करण्याआधीच वीज वाहून नेणाऱ्या गोंदाने जोडली, तर चिपला काहीच कळलेलं नसतं. त्यामुळे लेबल असं घ्या की ओढताना त्याचे तुकडे व्हावेत. काचेवरून उपटलेला फास्टॅग निकामी होतो, तसं.

प्रश्न : ग्राहक म्हणून मी काय बघावं? माझ्या फोनवर काहीच येत नाही.

अँड्रॉइडमध्ये एनएफसी चालू आणि स्क्रीन अनलॉक हवी. स्वस्त फोनमध्ये ही सोयच नसते. आयफोन एक्सएस, एक्सआर आणि त्यानंतरचे फोन ॲपशिवाय वाचतात, पण कॅमेरा किंवा एअरप्लेन मोड चालू असताना नाही. आयफोनची वरची कड टॅगला टेकवा. अँड्रॉइडची अँटेना बहुतेक पाठीच्या मधोमध किंवा कॅमेऱ्याजवळ असते. अंतर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि एखादा सेकंद फोन स्थिर धरा. फॉइलच्या पाकिटावर साधा टॅग चालत नाही. तिथे उत्पादकाने फेराइटचा (धातूचा अडथळा टाळणारा) थर असलेला टॅग लावायला हवा होता.

पान उघडलं की हिरव्या खुणेआधी वरचा पत्ता वाचा. बनावट माल विकणाऱ्याला चिप फोडायची गरजच नसते. तो साध्या टॅगवर मिळत्याजुळत्या नावाच्या साइटचा दुवा लिहितो आणि तिथे हिरवी खूण काढून ठेवतो. पत्त्यातलं एखादं अक्षर वेगळं असेल, तर ती खूण कुठल्याच चिपने दिलेली नाही. शंका वाटली तर पुन्हा टेकवा आणि दुवा बदलतो का ते बघा. अक्षरन् अक्षर तेच राहिलं, तर दुकानदाराला बिल मागा आणि उत्पादकाने आपल्या साइटवर दिलेल्या क्रमांकावर तिथूनच फोन लावा.