शनिवारची गोळी

काजूचा मोसम सुरू होऊन हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, उतरू लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. एचआयव्हीची औषधं आणि दारू यांबद्दलचे यंदाचे चार प्रश्न घेतले आहेत. विचारणाऱ्यांची नावं अर्थातच देत नाही.

सहा वर्षं एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधं) चालू आहे, रोज रात्री जेवल्यावर एक गोळी. शनिवार-रविवार मित्रांसोबत बसणं होतं. दारूवर गोळी घेतली तर विष होतं असं कळल्यापासून त्या दोन रात्री गोळी घेत नाही. बरोबर ना? (डिचोली)

नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर यांची जी एकत्र गोळी सरकारी एआरटी केंद्रात मिळते, तिचं दारूशी विष होण्यासारखं काही वैर नाही. अबॅकाव्हिर किंवा एफाव्हिरेन्झ चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा. पहिल्याचं रक्तातलं प्रमाण दारूने वाढतं, दुसऱ्याने आधीच येणारी गुंगी वाढते.

आता हिशेब करू. डबीत ३० गोळ्या. महिन्याला आठ चुकल्या तर घेतल्या २२, म्हणजे शंभरात ७३. हव्यात ९५, म्हणजे महिन्याला फार तर एखादी चुकलेली चालते. केंद्रात मोजतील म्हणून उरलेल्या गोळ्या आदल्या रात्री कपाटात काढून ठेवणारे मी पाहिलेत. मोजणी जुळते, व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी जुळत नाही. औषध रक्तात अर्धवट असलं की विषाणू त्याला सरावतो. मग आणखी गोळ्या, आणखी खेपा.

सोपा उपाय म्हणजे केंद्रात सांगून गोळीची वेळ सकाळची करून घ्या, चहाच्या कपाशेजारी डबी. तोवर शनिवारी पिऊन आलात तरी गोळी घ्याच. विसरलात तर रविवारी सकाळी आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर मात्र दोन एकदम घेऊ नका.

नवऱ्याला एचआयव्हीसोबत आता टीबीही निघाला. सकाळी उठल्यापासून पितो, नाही मिळाली तर हात थरथरतात. मी सगळ्या बाटल्या ओतून देऊ का? (पेडणे)

ताई, तुमचा राग समजतो, पण बाटल्या ओतू नका. हात थरथरणं म्हणजे शरीर दारूवर टेकलेलं आहे. आधार एकदम काढला तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय त्यासाठीच आहे.

टीबीच्या गोळ्यांचा आणि दारूचा भार एकाच यकृतावर पडतो. डोळे पिवळे, लघवी गडद, सतत उलटी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा. दारू आणि टीबीचं आयसोनियाझिड, दोन्ही नसांना त्रास देतात.

आणखी एक. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन डोलुटेग्रॅव्हिरचं प्रमाण घटवतं, म्हणून बारा तासांनी त्याची जादा गोळी देतात. पहिली सकाळी घेतली की ही जादा गोळी नेमकी बारमध्ये बसण्याच्या वेळेला येते. ती समोर बसून द्या.

पिऊन झाल्यावर छातीत जळजळ होते. गोळीसोबत अॅसिडिटीचं गुलाबी सिरप घेतलं तर चालेल? (वास्को)

चालणार नाही. त्यातलं अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम डोलुटेग्रॅव्हिरला धरून ठेवतं आणि गोळी पोटातच वाया जाते. आधी गोळी, दोन तासांनी सिरप. सिरप आधी घेतलं असेल तर सहा तास थांबा.

पितो म्हणून सांगितलं तर औषध बंद करतील का? गावात कळेल का? (फोंडा)

पितो म्हणून एआरटी बंद करत नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. गावाच्या कुजबुजीची भीती मला कळते. पण खरं न सांगितल्यामुळे यकृताची तपासणी राहून गेलेली माणसंही मी पाहिलीत.

सांगितल्यावर फायदा होतो, याचा पुरावा आपल्याच गोव्यातला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर संगाथ संस्थेने केलेला अभ्यास २०१७ साली लॅन्सेटमध्ये आला. ते एचआयव्हीचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. समुपदेशक डॉक्टर नव्हते, साधी प्रशिक्षित माणसं होती आणि बैठका मोजक्याच. तीन महिन्यांनी मागचे दोन आठवडे दारूला न शिवलेले समुपदेशन मिळालेल्यांच्या गटात शंभरात ४२, नेहमीच्याच उपचारांच्या गटात १८.

केंद्रात सांगताना ‘थोडीशी’ म्हणू नका, त्या शब्दात दोन घोटही बसतात आणि अख्खी बाटलीही. ३० मिली फेणीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, क्वार्टरमध्ये ६०, स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत ४०. आठवड्यात किती दिवस, दिवसाला किती, एवढं कागदावर लिहून न्या.