रात्री जेवून झोपल्यावरच एएफ का होतो?

तुमच्या भावाचं वय ४२, इको आणि थायरॉइड नॉर्मल. दिवसभर दुकानात धावपळ करताना काही होत नाही, पण रात्री भरपेट जेवून आडवा झाला की एएफचा (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित होणं) झटका. मेटोप्रोलॉल ही ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर गोळी सुरू केल्यावर झटके वाढले, म्हणून तुम्ही विचारलंय की हे सगळं मनाचं तर नाही?

मुळीच नाही. मी इंदूरात फिजिशियन आहे आणि असे पेशंट ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकून वर्षानुवर्षं हिंडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हृदयाच्या ठोक्यांवर स्वायत्त मज्जासंस्थेच्या दोन बाजूंचा ताबा असतो. धावपळीत, रागात सिम्पथेटिक, म्हणजे ठोके वाढवणारी बाजू जोर धरते. जेवल्यावर आणि झोपेत व्हेगस, म्हणजे ठोके मंदावणारी नस. व्हेगसमधून सुटणारं ॲसिटिलकोलीन हे रसायन वरच्या कप्प्यांतल्या पेशींचा विसाव्याचा काळ कमी करतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. मग एखादा चुकार ठोकाही गोल गोल फिरत राहायला पुरतो. पॅरिसचे हृदयतज्ज्ञ फिलिप कुमेल यांनी १९७८ मध्ये हा व्हेगसचा एएफ मांडला. तो बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन, हृदय धडधाकट असलेल्या पुरुषांत दिसतो. श्रम-ताणाने येणारा दिवसाचा प्रकार वेगळा. त्यात बीटा ब्लॉकर छान चालतात. व्हेगसच्या प्रकारात मात्र तेच कधीकधी उलटतात. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध तर व्हेगसचाच जोर वाढवतं, म्हणून तेही नको. पुष्कळांत दोन्ही प्रकारांची सरमिसळ असते, हेही खरं.

म्हणून वेळ लिहून ठेवणं मला रिपोर्टांइतकंच मोलाचं वाटतं. माझ्या एका पेशंटने कालनिर्णयाच्या चौकटींत बारीक अक्षरात इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराबद्दल, सराफ्याबद्दल, आणि तिथल्या तळलेल्या कंदाबद्दल, गराडूबद्दल लिहिलं होतं: ‘रात्री १. सराफ्यातून गराडू खाऊन आलो. डाव्या कुशीवर.’ महिनाभर तेच. होल्टर (दिवसरात्र ईसीजी टिपणारं छोटं यंत्र) लावला तर झटक्याआधी नाडी हळूहळू पन्नासच्या खाली उतरलेली दिसली. सिम्पथेटिक प्रकारात ती आधी चढते.

भावाची अशी नोंद कार्डिऑलॉजिस्टना दाखवा. गोळी मनाने एकदम बंद करू नका, तसं करणं धोक्याचं आहे. हृदय निरोगी असेल तर फ्लेकेनाइड या ठोक्यांची लय सांभाळणाऱ्या औषधाचा विचार ते करू शकतील. घोरतो का, तेही सांगा. झोपेत श्वास अडकत असेल तर मज्जासंस्थेच्या दोन्ही बाजू चाळवतात. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, दारू बंद.

अब्लेशनबद्दलही (नळी घालून हृदयातली बिघाडाची जागा निकामी करण्याबद्दल) विचारलंय. १९९८ मध्ये बोर्दोच्या हाइसागेर यांच्या गटाने दाखवलं की बहुतेक झटके फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतात. तिथेच चरबीत मज्जातंतूंच्या गाठी असतात. उष्णतेने अब्लेशन करताना त्याही काही अंशी भाजल्या जातात, म्हणून नंतर कित्येकांची नाडी काही महिने थोडी जलद राहते. औषधांनी भागलं नाही तर हा चांगला मार्ग आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा हिशेब मात्र वेगळा. झटका दिवसा आला की रात्री, याचा तिथे संबंध नाही. बीपी, मधुमेह, वय, आधीचा पक्षाघात यांवर ते ठरतं. भावाला बीपी किंवा शुगर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी तपासून घ्या. आणि झटक्यात शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत न्या.