आईच्या गोळ्या नेल्यास, तुझी डबी?

«ताई, मी २९ वर्षांचा, पुण्यात नोकरी करतो. मला पुरुष आवडतात. घरी ठाऊक नाही. एचआयव्ही होऊ नये म्हणून दीड वर्षापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रेपची गोळी घेतो. आठ महिन्यांपासून ज्याच्याबरोबर आहे तो म्हणतो, “गोळी घेतोस म्हणजे तुझा माझ्यावर भरवसा नाही.” गणपतीत आईच्या बीपीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गावी गेलो, तेव्हा माझी डबी खोलीवरच राहिली. दहा दिवसांनी परतलो, त्याच रात्री आम्ही भेटलो. कंडोम नव्हता. दुसऱ्या दिवसापासून गोळी पुन्हा चालू केली. त्याच्या समाधानासाठी ती बंद करू का?»

अरे, बंद तर तू केलीच होतीस! तुझ्या पत्रातल्या त्या डबीपाशीच मी अडले आहे. ‘राहिली’ म्हणे. राहते ती छत्री. आईच्या गोळ्या मोजून नेणारा मुलगा स्वतःची डबी विसरत नाही, ठेवून जातो. आईने बॅग उपसली तर काय सांगू, हीच धास्ती ना? आणि गावी आपण नुसते तिचा मुलगा, तिथे कशाला लागते ही गोळी, असंही वाटलं असेल. त्याने माझा जीव तुटतो. पण परतल्यावर त्याच रात्री, अंगात औषध नसताना? तिथे मात्र मला राग येतो.

प्रेप रक्तात असेल तरच राखण करते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आयप्रेक्स अभ्यासात सहा देशांतले २,४९९ जण होते. गोळी दिलेल्या गटात संसर्ग ४४ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, त्यांचा धोका मात्र ९२ टक्क्यांनी कमी होता. डबी सगळ्यांनाच मिळाली होती, बाळा.

त्या रात्रीनंतर ७२ तासांत डॉक्टर गाठला असतास, तर २८ दिवसांचा प्रतिबंधक कोर्स मिळू शकला असता. ती वेळ गेली. आता उद्या सकाळी तपासणीला जा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त राहते. त्या दहा दिवसांचं आणि त्या रात्रीचं डॉक्टरांना सगळं सांग. संसर्ग झालेला असेल तर या एकट्या गोळीने तो आवरत नाही, उलट विषाणू याच औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. पुन्हा कधी तपासायचं, तेही त्यांनाच विचार. तोवर कंडोम, काहीही झालं तरी.

तुझ्या मित्राला भरवसाच हवा असेल, तर शेजारच्या खुर्चीत बसून त्यानेही रक्त द्यावं. त्याच्या रुसव्यावर याहून जास्त शाई मी खर्च करणार नाही.

आणि दिवाळीला गावी जाशील तेव्हा आईच्या गोळ्यांच्या पिशवीतच तुझी डबी टाक. तिने विचारलं तर “मलाही डॉक्टरांनी रोज एक सांगितलीय,” एवढंच म्हण. ती तिची घेईल तेव्हा तूही घे, त्याच तांब्यातल्या पाण्याने.