वाचकांचे प्रश्न : एका हातात ब्युरेट, दुसऱ्या हातात पवित्र शास्त्र

रसायनशास्त्राची पदवी आणि ख्रिस्ती शिक्षणाचा अभ्यास यांबद्दल आलेल्या पत्रांतून चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. तिला रसायनशास्त्रात बी.एस्सी. करायची आहे आणि पुढे मंडळीत (चर्चमध्ये) ख्रिस्ती शिक्षणाचे काम करायची ओढ आहे. सेरामपूर कॉलेजात दोन्ही विषय आहेत असे ऐकले. दोन्ही एकदम करता येतील का? — एक पालक, जालना

ऐकले ते खरे आहे, पण अर्धे. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये हे कॉलेज सुरू केले, तेव्हा हुगळीकाठचे सेरामपूर डॅनिश वसाहत होते. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. आजही एकाच आवारात दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. कला, विज्ञान, वाणिज्य हे विभाग कलकत्ता विद्यापीठाला जोडलेले; ईशज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) पदव्या मात्र सेरामपूरच्या स्वतःच्या सिनेटच्या, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाच्या. त्यामुळे प्रवेश वेगळा, वेळापत्रक वेगळे, परीक्षा वेगळी. रसायनशास्त्राला कोणत्याही धर्माचा विद्यार्थी प्रवेश घेऊ शकतो. ईशज्ञानाला मंडळीचे शिफारसपत्र लागते. ते आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून पाळकांशी सहा महिने आधीच बोलून ठेवा.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एप्रिल २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली. दोन्ही नियमित असतील, तर तासिका एकमेकांवर येता कामा नयेत. खरी अडचण इथेच आहे. रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल एकेक तीन-चार तासांची, तीही आठवड्यात अनेकदा, आणि प्रयोग अर्धा टाकून उठता येत नाही. एक नियमित आणि एक दूरशिक्षणातून असाही मार्ग आहे. मात्र दूरशिक्षणाचा तो विशिष्ट अभ्यासक्रम यूजीसीच्या मान्यतेच्या यादीत त्या वर्षी आहे की नाही, हे फी भरण्याआधी पाहा. संस्था नामांकित आहे एवढ्यावर विसंबू नका.

आमचे स्पष्ट मत असे : आधी बी.एस्सी., मग बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ईशज्ञानाची पदवी). पदवीधरांना बी.डी. चार वर्षांची आहे, बारावीनंतर थेट गेल्यास पाच वर्षांची. म्हणजे थेट जाण्याने एम.एस्सी.ची वाट बंद होते आणि बी.डी.चे एक वर्ष वाढते ते वेगळेच. बी.डी.मध्ये जुना करार, नवा करार, ईशज्ञान, मंडळीचा इतिहास, इतर धर्म हे सगळे असते. ख्रिस्ती शिक्षण त्यातल्या सेवाकार्याच्या गटात येते. फक्त शब्बाथशाळा (मंडळीतल्या मुलांचा बायबलवर्ग) उत्तम चालवायची असेल, तर सात वर्षे घालवायची गरज नाही, बी.एस्सी. करता करता लहान पदविका पुरते. मंडळीत पूर्णवेळ सेवा करायची असेल, तरच बी.डी.

घरापासून लांब पाठवायचे नसेल, तर दोन टप्पे महाराष्ट्रातच होतात. विल्सन (मुंबई, १८३२), हिस्लॉप (नागपूर, १८८३), अहमदनगर कॉलेज (१९४७) या ख्रिस्ती परंपरेच्या कॉलेजांत विज्ञान आहे. आणि १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहे. कुठेही गेलात तरी बारावीला गणित सोडू देऊ नका. भौतिक रसायनात ऊष्मागतिकी सुरू झाली की डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनशिवाय एक पान पुढे सरकत नाही.

पहिल्या वर्षाला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अॅसिडचे टायट्रेशन (एका द्रावणात दुसरे थेंबथेंब टाकून प्रमाण मोजणे) आहे. माझी तीन रीडिंग १०.४, ९.७ आणि १०.१ मिली आली. एकदा फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला. मॅडम म्हणतात, पुन्हा कर. काय चुकते आहे? — विद्यार्थिनी, मिरज

तुमची रीडिंगच चूक सांगत आहेत, म्हणून ती खोडू नका. द्रावणे ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) आणि पिपेटने, म्हणजे ठरावीक माप घेणाऱ्या काचनळीने, घेतलेले ऑक्झॅलिक १० मिली, असे धरून सांगतो; म्हणजे रीडिंग १० मिलीच्या आसपास यायला हवे.

तपकिरी रंग मँगनीज डायऑक्साइडचा. भरपूर आम्लात परमँगनेटमधले मँगनीज +७ वरून थेट +२ वर येते, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेते. आम्ल कमी पडले किंवा परमँगनेट भसकन ओतले, तर ते +४ वरच अडते. तीनच इलेक्ट्रॉन घेतले गेल्यामुळे तेवढ्याच ऑक्झॅलिकला परमँगनेट जास्त लागते. तुमचे १०.४ बहुधा असे आले. ९.७ चे कारण उलट असावे : फ्लास्क उकळीपर्यंत तापवला असेल. फार तापले की ऑक्झॅलिक अॅसिडचेच विघटन होते आणि परमँगनेटला काम उरत नाही. गढूळ झालेले रीडिंग सरासरीत धरू नये. फ्लास्क धुवून नव्याने घ्यावे.

आता हे असे करा. २५० मिली द्रावणासाठी ऑक्झॅलिक अॅसिडचे स्फटिक (दोन रेणू पाण्यासह असलेले) १.५७६ ग्रॅम तोला. १० मिली पिपेटने घ्या, पण ओढायला रबरी बल्ब लावून. हे अॅसिड विषारी आहे, तोंडाने ओढू नका. पिपेटच्या टोकात राहिलेला शेवटचा थेंब फुंकू नका. तो न धरताच पिपेटचे माप ठरवलेले असते. त्यात २ नॉर्मल सल्फ्युरिक २० मिली घाला. हायड्रोक्लोरिक चालत नाही, कारण परमँगनेट क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते. नायट्रिक तर स्वतःच ऑक्सिडीकारक. फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल, तर वाफ दिसू लागते पण बुडबुडे येत नाहीत, ती वेळ. निवत चालले तर मध्येच पुन्हा कोमट करा.

पहिले दोन-तीन थेंब टाकल्यावर रंग जातच नाही असे वाटेल. घाबरून आणखी ओतू नका, गढूळपणा इथेच येतो. फ्लास्क हलवत थांबा. या प्रक्रियेचा उत्प्रेरक म्हणजे तिच्यातूनच तयार होणारे मँगनीज +२. ते थोडे साठले की पुढचे थेंब पडताक्षणी रंगहीन होतात आणि वेग आपोआप वाढतो. शेवटी एका थेंबाने आलेला फिका गुलाबी रंग तीस सेकंद टिकला की थांबा.

परमँगनेट इतके गडद असते की ब्युरेटमध्ये (तोटी आणि खुणा असलेल्या काचनळीत) द्रवाच्या पृष्ठभागाची खालची वक्ररेषा दिसत नाही. वरची कड वाचा, पण सुरुवातीलाही वरचीच. सुरुवात खालच्या कडेवर आणि शेवट वरच्या कडेवर अशी सरमिसळ झाली की सगळी मेहनत वाया. तोटीच्या टोकातला हवेचा बुडबुडा आधीच सोडून द्या. तो मध्येच निघाला तर रीडिंग तेवढे वाढते. रबरी नळीची ब्युरेट घेऊ नका, परमँगनेट रबराला खाते. काचेचीच तोटी हवी. परमँगनेट गाळायचे असेल, तर गाळणकागद नको, काचलोकर वापरा, कारण कागदानेही त्याचे क्षपण होते. तीन रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळली की मगच गणित करा.

शब्बाथशाळेत नऊ ते बारा वर्षांची मुले आहेत. मत्तय ५:१३ मधील 'पृथ्वीचे मीठ' (तिथे मीठ बेचव झाले तर काय, असा प्रश्न आहे) शिकवताना एक मुलगा म्हणाला, 'मीठ बेचव होतच नाही.' मला उत्तर देता आले नाही. दुसरे, काना येथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो धडा पाण्याचा रंग बदलून दाखवावा का? — शिक्षिका, नाशिक

मुलगा बरोबर बोलला, आणि वर्गात तसे सांगा. शुद्ध सोडियम क्लोराइड कितीही वर्षे ठेवले, तरी खारटच राहते. पण त्या काळी मृत समुद्राच्या काठचे मीठ शुद्ध नसे. त्यात जिप्सम आणि इतर क्षार मिसळलेले असत. दमट हवेत, पावसात खरे मीठ विरघळून निघून जाई आणि मागे पांढरे, बेचव उरे. अभ्यासकांनी दिलेले हे एक स्पष्टीकरण मुलांना हाताने करून पाहता येते.

साधे मीठ १० ग्रॅम आणि पांढऱ्या खडूची बारीक पूड २० ग्रॅम (आपल्याकडचे बहुतेक खडू जिप्समचेच) काचेच्या ग्लासात मिसळा. ५० मिली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटे निवळू द्या आणि वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. असे चार वेळा करा. फडक्याने गाळायला जाऊ नका, पूड फडके तुंबवते. आता तळाशी जी ओली भुकटी उरते, ती मुलांना जवळून पाहू द्या. पांढरीशुभ्र, दाणेदार, बघताना मिठासारखीच. चव मात्र कुणालाच घेऊ देऊ नका. त्याऐवजी पहिल्या खेपेचे आणि चौथ्या खेपेचे पाणी एकेक चमचा स्टीलच्या वेगवेगळ्या पळ्यांत तुम्ही स्वतः आटवा. पहिल्या पळीत मिठाचा जाड थर येतो, चौथीत जेमतेम डाग. मीठ कुठे गेले, हे मुले स्वतःच सांगतील. चाळीस मिनिटांच्या तासात पहिले पाणी निवळायला ठेवून वचन वाचा. चार खेपा वर्गात बसत नाहीत, म्हणून दुसऱ्या एका ग्लासात पहिल्या तीन खेपा आधी करून आणा आणि चौथी वर्गात करा.

असाच एक शब्द बायबलमधल्या नीतिसूत्रे २५:२० मध्ये आहे. दुःखी माणसापुढे गाणी गाणे म्हणजे एका क्षारावर शिरका (व्हिनेगर) ओतणे, अशी तिथे उपमा आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात त्या क्षाराला 'नायटर' (आजच्या अर्थाने सोरा) म्हटले आहे, पण मूळ हिब्रू शब्द नेतेर म्हणजे नॅट्रॉन, सोड्याचा खनिज क्षार. सोऱ्यावर शिरका ओतला तर काहीच होत नाही. सोड्यावर ओतला तर फसफसतो, आणि ती उपमा तेव्हाच कळते. एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम खायचा सोडा पूर्ण संपायला ५ टक्के शिरका ७० मिली लागतो. मोठा पेला घ्या, नाहीतर टेबलभर फेस.

काना येथील धड्याबद्दल मात्र आमचे मत ठाम आहे : रंगाचा प्रयोग करू नका. फिनॉल्फ्थॅलीनच्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड ओतले की लालसर गुलाबी रंग येतो, हे खरे. पण सोडियम हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे जाळते, फिनॉल्फ्थॅलीन एकेकाळी जुलाबाचे औषध होते, आणि 'द्राक्षारस' म्हटल्यावर एखादे मूल पेला तोंडाला लावणारच. त्याहून मोठे नुकसान पुढे होते. तेच मूल आठवी-नववीला शाळेच्या प्रयोगशाळेत तीच बाटली पाहते आणि शब्बाथशाळेत आपल्याला फसवले होते, असे त्याला कळते. मग त्या शिक्षिकेने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही ते विश्वास ठेवत नाही. मिठाचा प्रयोग वचनाचा अर्थ उघड करतो. रंगाचा प्रयोग चमत्काराच्या जागी हातचलाखी ठेवतो. कानाच्या धड्यात दगडी रांजण किती मोठे होते, ते मोजून दाखवा. योहान २:६ मध्ये सहा रांजण आहेत, प्रत्येकात अंदाजे ८० ते १२० लिटर. वीस लिटरचे पाण्याचे जार वर्गात आणा आणि एका रांजणाला किती जार लागतील, ते मुलांना मांडू द्या.

सेरामपूरचा मराठीशी काही संबंध आहे का? — वाचक, बेळगाव

जवळचा आहे. केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तिथेच छापले गेले आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये. कोशातले मराठी शब्द मोडी टाइपात आहेत. या कामात पंडित वैजनाथ यांचे मोठे साहाय्य होते. मराठी नवा करार १८११ मध्ये तिथूनच बाहेर पडला. रसायनशास्त्र शिकवायला जॉन मॅक १८२१ मध्ये सेरामपूरला आले. त्यांचे रसायनशास्त्राचे पुस्तक १८३४ मध्ये एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला बंगाली असे छापले गेले. बंगालीत त्याचे नाव 'किमिया विद्यार सार'.