पत्राने बुद्धिबळ खेळत घडलेला खेळाडू समोरासमोरच्या खेळात मास्टर होऊ शकतो का?

होऊ शकतो. पॉल केरेस झाला.

एस्टोनियातल्या पर्नूसारख्या लहान गावात तोडीचे खेळाडू मिळेनात, म्हणून केरेस शाळकरी वयातच टपालाने खेळू लागला. एक काळ असा होता की त्याचे सुमारे १५० डाव एकाच वेळी चालू असत. १९३८ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या आव्रो स्पर्धेत अलेखिन, कापाब्लांका, बोटविनिक, युवे असे त्या काळचे अव्वल खेळाडू सगळे होते आणि २२ वर्षांचा केरेस अमेरिकेच्या फाइनच्या बरोबरीने पहिला आला. आणखी काय पुरावा हवा?

तुमचा प्रश्न मला लागला, कारण क्लबातले एक ज्येष्ठ खेळाडू मला कायम 'टपाली' म्हणत. घरी पट मांडून, पुस्तकं उघडी ठेवून चांगली चाल कुणालाही सुचते, असं त्यांचं ठाम मत. अहो, पण घरी तर समोरचाही बसलेला असतो! पुस्तकं त्याच्याकडेही असतात. अमेरिकेच्या हान्स बर्लिनरने १९६५ ते ६८च्या जागतिक पत्र-स्पर्धेत १६ डावांत १४ गुण घेतले, एकही डाव न हरता. त्यात त्याने सोव्हिएत खेळाडू एस्ट्रिनला टू नाइट्स डिफेन्स या ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींत हरवलं, आणि एस्ट्रिन त्याच ओपनिंगचा जाणकार होता.

माझंच सांगतो. टपालाच्या एका डावात माझ्याकडे नुसता हत्ती उरला. समोर हत्ती आणि ए-पट्टीतलं, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या पट्टीतलं प्यादं. प्यादं सहाव्या ओळीत, त्याचा हत्ती प्याद्याच्याच पुढे अडकलेला. अशा वेळी प्याद्याच्या मागे हत्ती ठेवावा, असं सगळे शिकवतात. इथे तसं केलं की हरलोच, कारण त्याचा राजा प्याद्यापर्यंत पोचतो आणि मागून शह दिले तर प्याद्याच्या पुढच्या ए७ घरात लपतो. कितीतरी रात्री मोहरे हलवून पाहिल्यावर उलगडा झाला. आपला राजा जी७ वर ठेवायचा आणि हत्ती बाजूने, प्याद्याच्याच ओळीत, एफ६ वर आणायचा. तिथून तो प्याद्यावर नेम धरतो, म्हणून समोरच्या हत्तीला जागा सोडता येत नाही. राजा राखणीला आला की बाजूने शह. प्यादं पुढे ढकललं की हत्ती लगेच त्याच्या मागे. डाव बरोबरीत सुटला. या बचावाला वान्चुराचं नाव आहे, हे मला नंतर कळलं.

पुढे एका स्पर्धेत हाच शेवट आला. फरक एवढाच की माझे मोहरे पांढरे होते आणि प्यादं पटाच्या दुसऱ्या कडेच्या एच-पट्टीतलं. घड्याळात जेमतेम वेळ होता. हत्ती सरळ बाजूला नेला आणि अर्धा गुण वाचवला. ज्येष्ठ मागे उभे होते. म्हणाले, "पाठ केलं असशील." रंग बदलला, बाजू बदलली, तरी जमलं ते पाठांतर कसं? ते समजलेलं होतं, आणि समजायला लागणारा वेळ मला टपालानेच दिला. सुटीच्या दिवशी झटपट डावांचा रतीब घालणाऱ्यांना तो कधीच मिळत नाही.

त्यामुळे तुम्हाला कुणी हिणवलं तर ऐकून घेऊ नका. त्यांच्या समोर हीच स्थिती मांडा आणि वाचवून दाखवा म्हणा.

आता तीन गोष्टी राहिल्या. आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळ संघटनेच्या स्पर्धांत आज इंजिन, म्हणजे चाली शोधणारा संगणक प्रोग्रॅम वापरायला मुभा आहे. वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. केरेसच्या काळातली तालीम हवी असेल तर इंजिन बंद ठेवूनच विश्लेषण करा, भले हरलात तरी. दुसरं म्हणजे घड्याळाची सवय पत्राने लागत नाही, त्यासाठी स्पर्धा खेळाव्याच लागतील. तिसरं, पदव्याही वेगळ्या आहेत. आयसीसीएफचा ग्रँडमास्टर फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचा ग्रँडमास्टर ठरत नाही, फिडेचे नॉर्म (पदवीसाठी स्पर्धांत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) आणि रेटिंग समोरासमोर खेळूनच मिळवावे लागतात.