‘लर्निंग डिसॅबिलिटी’, ‘मतिमंद’ आणि ‘ढ’चं मूळ

मिरजेच्या एका सिस्टरनी विचारलंय: ब्रिटनला जायच्या तयारीत नर्सिंगची पुस्तकं वाचताना ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द सारखा येतो, त्याला मराठीत ‘अध्ययन अक्षमता’ म्हणायचं ना? आणि आपल्याकडे केसपेपरवर ‘मतिमंद’ लिहितात ते चालतं का?

नाही चालत. दोन्ही नाही.

पुस्तक ब्रिटनचं असेल तर ‘अध्ययन अक्षमता’ हा अर्थ सपशेल चुकतो. तिथे लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे आपली ‘बौद्धिक अक्षमता’: आकलन आणि रोजचे व्यवहार, दोन्ही लहानपणापासून मागे. नर्सिंगच्या चार शाखांपैकी एक तिथे याच रुग्णांसाठी आहे. आपल्याकडे मात्र हाच इंग्रजी शब्द डिस्लेक्सियाच्या मुलासाठी वापरतात. त्या मुलाची बुद्धी शाबूत असते, अडतं ते वाचन, लेखन किंवा गणितापाशी. हा अर्थ अमेरिकेतला, तिथले मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल कर्क यांनी 1963 मध्ये रूढ केलेला. समुद्र ओलांडला की शब्द तोच राहतो आणि रुग्ण बदलतो, हे ताई, पक्कं ध्यानात ठेवा.

हा घोळ सांगलीत रोज कानावर येतो. ‘डिस्लेक्सिया म्हणजे थोडा मतिमंदच की!’ असं शिकलेसवरलेले लोक त्या पोराच्या देखत बोलतात. कुणी सभ्यपणा म्हणून ‘गतिमंद’ म्हणतो, कुणी सरळ ‘मेंटल’. आणि ज्यांनी शब्द नीट लावून द्यायचे त्यांनीच गाठ मारून ठेवली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आणि स्वमग्नता (ऑटिझम), दोन्ही ‘बौद्धिक अक्षमता’ या मथळ्याखाली घातल्या आहेत. हे वर्गीकरण चूक आहे, कायद्यात छापलंय म्हणून बरोबर ठरत नाही. जादा वेळ आणि लेखनिक मिळाला की जो पोरगा पेपर उत्तम सोडवतो, त्याला त्या मथळ्याखाली बसवायचं कारण काय?

पण शाळेत या दोन्ही मुलांना एकच शब्द मिळतो: ‘ढ’. आता त्याच्याकडे वळू, कारण त्याची एक खोटी व्युत्पत्ती सगळीकडे फिरते आहे. म्हणे अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत सगळी अक्षरं बदलली, ‘ढ’ तेवढा जसाच्या तसा राहिला, म्हणून ज्याच्यात सुधारणा नाही तो ‘ढ’. अक्षराचं वळण फारसं बदललं नाही हे खरंच आहे. पण ब्राह्मी वाचता येणारं शतकानुशतकं कुणी उरलं नव्हतं, जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ती लिपी 1837 च्या सुमारास लावली. शब्द त्याआधीचा असेल, तर कऱ्हाडजवळच्या आगाशिवच्या लेण्यातलं अक्षर गावच्या पंतोजीला कोण वाचून दाखवणार होतं? नंतरचा असेल, तर लिपितज्ज्ञांची कोटी खेड्यापाड्यातल्या आयांच्या तोंडी गेली कशी? मोठमोठे विद्वान ही गोष्ट सांगतात, म्हणून ती व्युत्पत्ती होत नाही.

माझ्या मते ‘ढ’ म्हणजे ‘मूढ’चं शेवटचं अक्षर. मराठीत या ध्वनीचा गोतावळा आधीच जाडजूड आणि जागचा न हलणारा: ढिम्म, ढम्म, ढोल्या, ढब्बू. ‘ढिम्म कळत नाही’ म्हणणाऱ्या भाषेत ‘मूढ’चा ‘मू’ गळला आणि ‘ढ’ त्या गोतावळ्यात जाऊन बसला, यात मला काहीच नवल वाटत नाही. खरा आनंद पुढे आहे. ‘मूढ’ येतो ‘मुह्’ धातूपासून, म्हणजे गोंधळणं, भांबावणं. त्याच धातूचं, त्याच प्रत्ययाचं दुसरं रूप आहे ‘मुग्ध’! पाणिनीने दोन्ही रूपं मान्य केली आहेत. लेकीचं नाव आपण कौतुकाने मुग्धा ठेवतो आणि वर्गातल्या पोराला ढ म्हणतो, दोघं सख्खी भावंडं. केसपेपरवरच्या ‘मतिमंद’मधल्या ‘मंद’मध्ये उणीव आहे, ‘मूढ’मध्ये मुळात उणीव नाही, भांबावणं आहे.

आणि भांबावलेला रुग्ण तुमच्यासमोर येतोच, ताई. जत-आटपाडीहून एसटीने आलेला पंचविशीतला मुलगा, ओपीडीतला गलका, रांग, त्यात चार जण चार सूचना देतायत. बीपीचा पट्टा एकदम दंडाला आवळला तर तो हात झटकणारच. आधी पट्टा त्याच्या हातात द्या, वेल्क्रोचा खर्रकन आवाज त्यालाच काढू द्या, मग आईच्या दंडाला बांधून दाखवा, मग त्याच्या. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला आणि उत्तराला वेळ द्या. प्रश्न आधी त्याला विचारा, मग आईला. तो अचानक कानावर मारून घेतोय, हात चावतोय, जेवण टाकलंय, तर ‘तो असाच आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. कान दुखत असेल, दाढ किडली असेल, चार दिवस पोट साफ झालं नसेल. दुखण्याचं खापर अक्षमतेवर फुटतं आणि आजार तसाच राहतो, असं फार घडतं.

तेव्हा केसपेपरवर डॉक्टरांच्या निदानाप्रमाणे ‘बौद्धिक अक्षमता’ लिहा, आणि डिस्लेक्सियासारखं काही असेल तर ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’. खाली घरच्यांना विचारून चार ओळी वाढवा: हो-नाही कसं सांगतो, दुखलं की काय करतो, कशाला घाबरतो, कोण जवळ असलं की शांत राहतो. ब्रिटनमध्ये अशा माहितीच्या कागदाला ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ म्हणतात, तो तिथे तुम्हाला रोज दिसेल. मिरजेत तो आजपासून लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.